परवा सकाळी खाली घेणार

१ ऑक्टोबर

आयसीयूच्या डॉक्टर शर्मिला मॅडमनी अखेर 'कर' म्हटलं. एक महिन्याची मुदत, आणि दोन अटी. त्यांना विचारल्याशिवाय काही नवीन करायचं नाही आणि रोजची नोंद ठेवायची. ती नोंद फाइलमध्ये जाईल. ही वही माझी. फाइलमध्ये 'आज मला भीती वाटली' असं लिहिता येत नाही.

मला करायचंय ते साधं आहे. आयसीयूत माणूस वाचतो, पण पडून पडून त्याचे हातपाय जातात. घरी गेल्यावर त्याला मोरीपर्यंत न्यायला दोघं लागतात. म्हणून तो मशीनवर असतानाच त्याचे पाय हलवायचे, नळीसकट उठवून बसवायचं, जमेल तसं बेडवरून उतरवायचं. बेळगावला फिजिओथेरपी शिकताना हे रोज बघत होते. इथे कसालच्या हायवेवर, आमच्या सहा खाटांच्या आयसीयूत, पेशंटने हलायचं नाही हाच आजवरचा नियम. हौसाबाई, आमची आया, म्हणाली, "गो रॉविना, हे वर जावक निघालत आणि तू तेंका कवायत शिकवतंस?" सगळे हसले. मीही हसले, पण आतून चिडले होते.

५ ऑक्टोबर

माझा पेशंट मिळाला. धोंडू लोके, मिठबावचे, वय एकसष्ट. शेतातल्या पाण्यातून लेप्टो झाला, फुप्फुसात रक्त उतरलं, किडनी बसली. आठ दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. आता झोपेचं औषध कमी केलंय.

सिस्टर एलिना त्यांना सकाळपासून "काका, पाय हलवा" म्हणत होती. ढिम्म. मी वाकून कानाशी म्हटलं, "बाबा, आंगठो हालवा बगुया." हलला! डावा आंगठा, स्पष्ट. मी एलिनाकडे असं बघितलं की तिने डोळे फिरवले. पेशंटशी त्याच्या भाषेत बोलायचं, यात काय ते आलं. डॉक्टर लोक 'मोबिलायझेशन' म्हणतात, आणि नातेवाईक नुसते मान हलवतात.

चार वाजता त्यांची बायको आली, नर्मदाकाकी. भेटीची वेळ पाच मिनिटं, आणि त्यासाठी ती बाई दोन एसट्या बदलून येते. तिला आंगठा दाखवला. ती त्या आंगठ्याला हात लावून उभी राहिली.

१० ऑक्टोबर

धोंडूबाबा बसले! नळीसकट, बेडच्या कडेला, पाय लोंबते सोडून. मी एका बाजूला, एलिना दुसऱ्या बाजूला, हौसाबाई मागून पाठीला खांदा लावून. तीन मिनिटं. मान डुगडुगत होती, पण डोळे खिडकीबाहेर. बाहेर काय, तर पेट्रोलपंप. तरी बघत होते.

मॅडम दारातून बघून गेल्या आणि "गुड" म्हणाल्या. त्या हा शब्द वर्षातून चारदा वापरतात, हे मी मोजलंय. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, दोनदा. ती म्हणाली, "पुरे गो, आता जेव."

१३ ऑक्टोबर

घशातली नळी काढली. श्वास चांगला आहे, नाकातला ऑक्सिजनही उद्या बंद होईल. आवाज मात्र नाही, नुसती हवा येते. परत येईल आठवड्याभरात. पेज भरवायला सुरुवात झाली, आणि चार चमचे झाल्यावर त्यांनी पाचव्यासाठी तोंड उघडलं. हौसाबाई उद्यापासून भातकापणीसाठी रजेवर. जाताना त्यांना म्हणाली, "बाबा, मी येवच्या आदी चलाक लागा." त्यांनी हात वर केला.

१५ ऑक्टोबर

मॅडमनी परवानगी दिली. गुरुवारी धोंडूबाबांना बेडवरून उतरवून खुर्चीत बसवायचं, जमल्यास दोन पावलं. आमच्या आयसीयूतला असा पहिलाच पेशंट.

नर्मदाकाकी आज आली नाही, त्यांच्याकडेही कापणी आहे. मग मीच फोन लावला, आणि मुद्दाम बाबांच्या उशाशी उभी राहून लावला, त्यांनाही ऐकू येऊ दे म्हणून. इंग्रजी शब्द एकही वापरला नाही. म्हटलं, "काकी, परवा सकाळी धा वाजता आमी बाबांका खाली घेतलंव. तुमी सगळी येवा. घाबरा नको, तेंका तरास होवचो नाय. आमी सगळी तयारी केली आसा."

तिने ते माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टरांका म्हायत आसा?"

"व्हय, मॅडमांनीच सांगल्यानी."

"झीलाक मुंबयसून बोलवू?"

"बोलवा तर! तेका बगून बाबांका बरा वाटतला."

सगळ्यांना यायला सांगितलंय हे मॅडमना बोलले नाही. आयसीयूच्या काचेतून बघतील, त्यात काय. मला वाटतं की लोकांनी बघावं. एक फोटोही काढणार आहे. हे लिहिताना जरा लाज वाटते, पण वही माझी आहे.

१६ ऑक्टोबर

धोंडूबाबांना काय झालंय कळत नाही. आज सहकार्य शून्य. आंगठासुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पेजेचा चमचा नेला तर ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, "बाबा, उद्या काय आसा, म्हायत आसा मां?" तर त्यांनी डोळे मिटून मान हलवली, हो म्हणून.

रिपोर्ट सगळे कालच्यापेक्षा चांगले आहेत. आयसीयूत असं उदास वाटतं लोकांना, पुस्तकात आहे. पण दहा दिवसांची मेहनत केल्यावर माणसाने आपल्याकडे पाठ करावी, याचं वाईट वाटतं.

१७ ऑक्टोबर

फजिती. नुसती फजिती.

पावणेदहाला कॉरिडॉरमध्ये बारा माणसं. मुंबईहून मुलगा सुशांत, सून, भाऊबंद, कोणी कोणी. कोणाच्याच तोंडावर हसू नाही. नर्मदाकाकीच्या हातात छोटी बाटली आणि तुळशीची पानं. आमच्याकडे चर्चमध्ये पवित्र पाणी असतं तसं काही असेल, शुभ कामाआधीचं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बाय, तू आदी सांगलंस ता बरा केलंस. नायतर कोण सांगता? तुजे उपकार." मी म्हटलं, "उपकार कसले, माजा कामच ता." ती रडायला लागली. मलाही भरून आलं.

दहा वाजता मी आणि एलिना त्यांना उठवायला गेलो. त्यांनी बेडचा दांडा धरला. दोन्ही हातांनी. त्या हातांत इतकी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. मी एक एक बोट सोडवलं, तर ते दुसऱ्या हाताने पुन्हा धरायचे. तोंड उघडून काहीतरी सांगत होते, आवाज नव्हता. नाडी एकशे चाळीस. मॅडम म्हणाल्या, "थांब, आज नको." हट्टी म्हातारा!

बाहेर येऊन मी सांगितलं, "आज जमला नाय. तेंचा मन तयार नाय." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सुशांत म्हणाला, "मगे घरीच नेतंव. घरच्या भुयवर."

मी म्हटलं, "घरी तुमका जमाचा नाय ता."

"जमात. आजयेक मीच घेतलं होतंय."

म्हणजे आजीचेही व्यायाम करून घेतले होते की काय, देव जाणे. मग तो मॅडमकडे गेला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "आमच्या मनाची तयारी झालीय. आम्हाला वडिलांना घरी न्यायचंय." मॅडम अर्धा तास सांगत होत्या. माणूस सुधारतोय, किडनी सुधारली, ऑक्सिजन निघाला. ते सगळे खाली बघून "हो, हो" म्हणत होते, समजूत घालणाऱ्याला म्हणावं तसं. शेवटी मॅडमचा तोल गेला. सगळ्यांसमोर नर्मदाकाकीला म्हणाल्या, "चांगला माणूस तुम्ही मारायला नेताय. थोडी तरी लाज बाळगा!" काकीने मान खाली घातली.

नंतर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तू त्यांना फोनवर नेमकं काय सांगितलंस?"

बारा जणांना मीच बोलावलंय, हे मला सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "व्यायामाचं समजावलं, मॅडम. नीट समजावलं. त्या बाईच्या डोक्यात शिरतच नाही काही."

१८ ऑक्टोबर

नेलं त्यांना. सुशांतने सही केली, 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध'. स्ट्रेचरवरून जाताना धोंडूबाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कसं ते लिहिता येत नाही.

फाइलमध्ये मॅडमनी लिहिलं, 'नातेवाईक अडाणी, समजावूनही ऐकले नाही.' मी ते वाचलं आणि फाइल मिटली.

२० ऑक्टोबर

चर्चला गेले. धोंडूबाबांसाठी प्रार्थना केली आणि त्यांच्या घरच्यांना बुद्धी मिळावी म्हणूनही. फादर आज क्षमेवर बोलले. मी मनाशी ठरवलं की त्या माणसांना क्षमा करायची.

२१ ऑक्टोबर

हौसाबाई कामावर आली. रिकामी खाट बघून म्हणाली, "बाबा खंय गेले?" मी सगळं सांगितलं, चीडही काढली. तिने पुसायचा कपडा बादलीत टाकला. "फोन करून तिका काय सांगलंस तू? शब्द सांग."

"सांगितलं, परवा धा वाजता खाली घेतलंव म्हणान."

तिने ओले हात पदराला पुसले. मग हळू आवाजात म्हणाली, "आमच्यात मानूस जावक इलो काय तेका खाटल्यावरसून खाली घेतत. भुयवर. खाटल्यावर मराक देयत नाय. आणि तू तिका वेळ दिलंस? धा वाजताची?"

मी घरी येऊन ही वही उघडली आणि १५ तारीख वाचली. घाबरा नको. त्रास होणार नाही. सगळी तयारी केली आहे. मुलाला बोलवा. प्रत्येक वाक्य. आणि ते त्यांच्या उशाशी उभं राहून.

मोठ्याने. त्यांना ऐकू जावं म्हणून.

म्हणून पेज नको होती. म्हणून दांडा. मी एका माणसाची बोटं एक एक करून सोडवत होते आणि तो जिवाला धरून होता.

सत्तावीस वर्षं या जिल्ह्यात राहिले. शेजारी लोके आहेत, तारी आहेत, त्यांच्या लग्नात जेवलोय, गणपतीला मोदक खाल्लेत. आमच्याकडे फादर तेल लावायला येतात, हातात मेणबत्ती देतात. त्यांच्याकडे काय करतात हे मी कधी विचारलंच नाही.

२२ ऑक्टोबर

आज मिठबावला गेले नाही. कारणं: नवीन पेशंट आला, अँब्युलन्स रिकामी नव्हती, आणि एव्हाना काय व्हायचं ते होऊन गेलं असेल. तिसरं कारण खरं आहे. ते गेले असतील तर हौसाबाई सोडून माझी चूक कोणाला कधीच कळणार नाही, असं दुपारी डब्यासमोर बसलेली असताना माझ्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. हे फक्त इथे लिहिते आहे.

फोन लावला होता. काकीचा आवाज आला, "कोण?" मी कट केला.

२३ ऑक्टोबर

सकाळी मॅडमच्या केबिनमध्ये उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शब्द जसेच्या तसे. त्यांनी चष्मा काढला. "मी तुला त्याच दिवशी विचारलं होतं, रॉविना."

"हो."

"हेच शब्द मला सांगितले असतेस तर मी तिथल्या तिथे ते घरी न्यायचे कागद फाडले असते. मी त्या बाईला काय बोलले, ऐकलंस ना तू? तिथेच उभी होतीस."

"हो, मॅडम."

"अँब्युलन्स घेऊन जा. जिवंत असतील तर घेऊन ये. नसतील तरी जा, आणि सांग." मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, "मी येत नाही. मला माझं त्या बाईशी वेगळं बोलायचंय."

आचऱ्यावरून मिठबावला पोचेपर्यंत ड्रायव्हर दोनदा म्हणाला, "बाय, पाणी पी." घराच्या कडेला आंब्याची लाकडं फोडून रचलेली होती, ताजी. पडवीत माणसं बसलेली. तेवढ्यात नर्मदाकाकी बाहेर आली आणि म्हणाली, "बाय, तू इलंस? बग, अजून आसत."

बाबा ओटीवर जमिनीवर घोंगडीवर होते, उशाशी पाण्याची वाटी आणि चमचा. कमरेला जखम झालेली, छातीत घरघर, पाय काठीसारखे. पण नाडी चांगली. मला बघून त्यांनी डोळे मोठे केले. मी आणखी घाबरवायला आले, असं वाटलं असेल त्यांना.

मी त्यांच्याच शेजारी जमिनीवर बसले, कारण उभं राहून सांगता येईना. म्हटलं, "बाबा, काकी, माजी चूक झाली. तुमी मरणास नाय. तुमी बरे होयत होतास. खाली घेतलंव म्हणजे खुर्चीर बसवचा होता. आमच्यात तो शब्द तसो नाय, माका म्हायत नव्हता. आणि मॅडमांनी इचारल्यानी तेव्हा मी खरा सांगूक नाय. दोष तुमच्यार ढकललंय."

"खुर्चीर?" सुशांत म्हणाला. मग पुन्हा, "खुर्चीर?" तो उठून माझ्या अंगावर येईल असं वाटलं. आला असता तर बरं झालं असतं. तो मागच्या दाराने बाहेर गेला आणि परसात नुसता उभा राहिला.

नर्मदाकाकी माझ्याकडे बघत नव्हती. धोंडूबाबांकडे बघून म्हणाली, "काल सकाळी ह्येंचो वायच आवाज फुटलो. म्हणा होते, माका बसवा. दोन येळा. आमी म्हटलंव, शेवटाक मानूस असोच उठाक बगता. खांदे धरून निजवलंव."

मला वाटलं होतं ती मला शिव्या घालेल, त्यासाठी मी तयारी करून गेले होते. ती आत गेली. पेजेची वाटी घेऊन आली आणि मला विचारलं, "बसवन घालूची काय निजवन?"

"बसवन," मी म्हटलं.

आम्ही दोघींनी मिळून त्यांना उठवून भिंतीला टेकवलं. माझ्या हाताखाली त्यांचं अंग थरथरत होतं. पहिला चमचा त्यांनी इतक्या घाईने घेतला की ठसका लागला.

मग अँब्युलन्स.

२५ ऑक्टोबर

मॅडमनी फाइलमधली ती ओळ सर्वांसमोर खोडली आणि खाली सही केली. मग काकीसमोर जाऊन हात जोडले. काकी गोंधळून म्हणाली, "असा करू नको गो बाय," आणि त्यांचे हात खाली केले. माझ्याशी मात्र ती अजून कामापुरतंच बोलते. बरोबर आहे.

न्यूमोनियाची सुरुवात होती, औषध लागू पडतंय. पण दहा दिवसांत पायात जेवढी ताकद आणली होती ती सगळी गेली. मॅडम म्हणाल्या, आता चालायला शिमगा उजाडेल. आंब्यावर चढणं तर विसरायचंच. त्यांची हापूसची तीस कलमं आहेत, असं सुशांत म्हणाला. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

महिन्याच्या नोंदीत मी धोंडूबाबांच्या नावापुढे सगळं लिहिलं, शब्दासकट. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "काम चालू ठेव." मला आनंद झाला नाही.

२९ ऑक्टोबर

आज बाबा खुर्चीत बसले, सात मिनिटं. मी फोटो काढला नाही. 'उतरवतंय' म्हटलं, 'खुर्चीर' म्हटलं, आधी खुर्ची दाखवली, मग त्यांना तिला हात लावून बघू दिलं.

आवाज बराच आलाय, घोगरा. दुपारी मी ताट घेऊन गेले, तर काकी घरी गेलेली, आम्ही दोघंच. बऱ्याच दिवसांपासून विचारायचं होतं ते विचारलं. "बाबा, घरी त्या पाच दिसांत तुमका कळा नव्हता, आपून मरणव नाय म्हणान?"

"दुसऱ्याच दिशी कळला," ते म्हणाले. "भूक लागली. मरतल्या मानसाक भूक खंयची?"

"मगे सांगूक नाय कित्या?"

त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. "कसा सांगतलंय? झील रजा घेवन इल्लो. बहिणी इल्ल्यो, भावोजी इल्ले, कापणी टाकून. सगळी माजी वाट बघत बसलली. लाकडा फोडल्यानी, तो आवाज माका आयकाक येय. आणि मी आपलो जिवंत. रोज सकाळी डोळे उघडलंय काय माका लाज वाटा. पाचव्या दिशी भूक सोसना, तेव्हा म्हटलंय, माका बसवा. नायतर तसोच पडान रवतलो होतंय."

मी ताट टेबलावर ठेवलं. म्हटलं, "बाबा, लाज माका वाटाक व्हयी होती."

"वाटता तुका?"

"वाटता."

"मगे ती तू ठेव," ते म्हणाले. "माका जेवक वाढ."

मी वाढलं. भरवायला चमचा उचलला तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः कालवायला लागले. अर्धा भात मांडीवर सांडला. मी पुसायला गेले नाही, समोर उभी राहिले.